निसटलेलं लिंबू

मेट्टुपाळयमच्या सुपारीच्या बागा मागे टाकून कोटगिरीचा रस्ता जिथे डोंगराला लागतो, त्याच्या अलीकडे डाव्या हाताला मासिलामणींचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, पुढे चिंचेचं झाड, झाडाखाली एक लांब बाकडं. घाट चढायच्या आधी ड्रायव्हर लोक तिथे थांबत, पाणी भरत, चाकांवर लाथ मारून हवा बघत. मासिलामणींना तोंडावर सगळे 'मेस्त्री' म्हणत. पाठ फिरली की 'छी मेस्त्री'.

नाव उगाच पडलेलं नव्हतं. गाडीचं बॉनेट उघडलं की आत बघायच्या आधीच त्यांच्या कपाळाला आठी पडे आणि तोंडातून 'छी' निघे. एक छी म्हणजे तेल बदलायला झालंय. दुसरी छी आली की ब्रेकचं काम निघालं. तिसरी ऐकली की ड्रायव्हर मुकाट्याने बाकड्यावर बसून चहा मागवत, कारण आता संध्याकाळपर्यंत गाडी मिळायची नाही. लग्नाच्या मोसमात बाकड्यावरची मंडळी मोजायला बसत आणि एखाद्या जुन्या अँबॅसॅडरला सहा-सात मिळाल्या, तर टाळ्या पडत.

माणूस ऑइलात हात घालून जगलेला. ग्रीस, काजळी, डिझेल यांची त्यांना कधी घाण वाटली नाही. दुपारी नुसत्या लाकडाच्या भुशाने हात पुसून ते दहीभात खात. शिसारी यायची ती वरून पुसून ठेवलेल्या गाडीची. काचेला अत्तराची बाटली लटकवलेली आणि सीटखाली केळ्याच्या काळ्या पडलेल्या साली. नवं मखमली कव्हर, आणि दाराच्या आतल्या बाजूला पानाची पिंक. असं काही दिसलं की ते दोन पावलं मागे सरत, जणू गाडीच अंगावर ओकणार आहे.

अकरा वर्षं त्यांनी वर कोटगिरीच्या एका चहामळ्याच्या वर्कशॉपमध्ये काढली होती. तिथले मोठे मेस्त्री देवसहायम यांनी त्यांना पाना हातात द्यायच्या आधी वर्षभर फक्त एकच काम दिलं. लॉरीचं पुढचं चाक जॅकवर उचलायचं, दोन्ही बाजूंनी दोन्ही हातांनी धरायचं आणि गदागदा हलवायचं. "डोळ्यांनी दिसतं ते रंगाऱ्याचं काम," देवसहायम म्हणत. "आपलं काम हाताला कळतं." स्टिअरिंगच्या सांध्यांत जो ढिलेपणा येतो त्याला तिकडे 'आट्टम' म्हणतात. नाचालाही आट्टम आणि खेळालाही आट्टम. एखादा ड्रायव्हर हसत म्हणाला, "मेस्त्री, थोडासा आट्टम आहे, चालेल ना?" तर मासिलामणी विचारत, "नाच बघायचा असेल तर मारियम्मनच्या जत्रेला जा. बायकापोरांना गाडीत बसवून कशाला बघतोस?"

पण माणसाचे गुडघे काही लोखंडाचे नसतात. पंचावन्न उलटल्यावर त्यांना गाडीखाली जाणं जड जाऊ लागलं. तेव्हापासून खाली शिरायचा तो कदिरवेल. पाप्पात्तीचा, म्हणजे मासिलामणींच्या बायकोचा, धाकटा भाऊ आणि गॅरेजातला अर्धा भागीदार. चाळिशीचा, गोरटेला, हसरा. गिऱ्हाइकाला दारातच "या अण्णा, वहिनी बऱ्या आहेत ना?" म्हणणारा. मासिलामणींच्या छीने पळालेली निम्मी गिऱ्हाइकं त्याच्या जिभेने परत यायची, हे मेस्त्रींनाही ठाऊक होतं. ते स्टुलावर बसून गाडीखालून दिसणाऱ्या त्याच्या पायांना विचारत, "हलवून बघितलंस?"

"बघितलं, मच्चान."

मच्चान म्हणजे बहिणीचा नवरा. कदिरच्या तोंडी तो शब्द फार गोड लागे.

त्या वर्षी आयुधपूजा, आपली खंडेनवमी, शुक्रवारी आली. गॅरेज आदल्या दिवशीच धुऊन काढलं होतं. पाने, हातोडे, छन्न्या, जॅक, सगळं घासून-पुसून पाटावर केळीच्या पानावर मांडलेलं. प्रत्येकाला विभूतीचे तीन पट्टे आणि कुंकू. एकदा देवीपुढे ठेवलं की विजयादशमीच्या सकाळी पूजा उतरेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. त्या दिवशी सुताराचा रंधा आणि न्हाव्याचा वस्तरा जसा निजतो, तसा पानाही निजतो. पाप्पात्ती या बाबतीत कडक होती. बारा वर्षांपूर्वी मासिलामणींनी याच दिवशी अडकलेल्या एका लॉरीसाठी जॅक उचलला होता आणि त्यांच्या डाव्या तर्जनीचं टोक त्या जॅकखाली राहिलं होतं. "देवी बोलत नाही," ती म्हणायची, "पण हिशेब ठेवते."

दुपारी तीनच्या सुमाराला टॅक्सीवाला नंजप्पन त्याची अँबॅसॅडर घेऊन आला. दुधी रंगाची, वीस वर्षांची गाडी. ती त्याने स्वतः धुतली होती, टपावर झेंडूचा हार, बंपरला केळीचे दोन छोटे खुंट. चंदनाचे गोळे बोटाबोटाने गाडीभर लावलेले; दिव्यांना, आरशांना, चाकांना, आणि हौसेने वाकून खालच्या दांड्यांनासुद्धा. उद्या पहाटे सहाला तो कोटगिरीला निघणार होता. त्याच्या मुलीला, सेल्वीला, सातवा महिना लागला होता. सासरी बांगड्या भरण्याचा कार्यक्रम होता आणि तो झाला की तिला बाळंतपणासाठी माहेरी खाली आणायचं.

"मेस्त्री, आजोबा होणार मी!" तो उतरता उतरताच ओरडला.

"मग हॉर्न कमी वाजव. पोरगं आतच बहिरं होईल."

बाकड्यावरचे हसले. पूजेला कदिरची बायको, दोन मुलं आणि शेजारच्या बायकाही जमल्या होत्या. पाप्पात्तीने कापूर लावला, कदिरने कोहळा ओवाळून फोडला, आणि त्याने गाडीच्या चारही चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं. गाडीने चारही लिंबं चिरडून पुढे यायचं, की झाली पूजा. नंजप्पन आत बसला. चिंचेच्या खोडाला टाळायला त्याने स्टिअरिंग किंचित उजवीकडे घेतलं.

मासिलामणी स्टुलावर चुरमुरे-फुटाणे खात बसले होते. त्यांची नजर चाकावर होती. कारण एवढंच की चाळीस वर्षांत ती दुसरीकडे राहायला शिकली नव्हती. उजवं चाक लगेच वळलं. डावं नाही. नंजप्पनचा हात तीन बोटं फिरून गेला तरी डावं चाक जिथल्या तिथे, आणि मग एकदम दचकल्यासारखं वळलं. त्या धक्क्याने लिंबू टुणकन बाजूला उडालं आणि गटाराच्या काठाला जाऊन थांबलं. अख्खंच्या अख्खं.

बायकांच्या तोंडून "अय्यो" निघालं. नंजप्पनचा चेहरा उतरला. कदिर पळत पुढे आला. "काही नाही, काही नाही! उताराची जागा आहे ही. अक्का, दुसरं लिंबू दे. अण्णा, गाडी मागे घ्या."

"घेऊ नकोस," मासिलामणी म्हणाले.

चुरमुऱ्यांचा कागद त्यांनी खाली ठेवला. नवी पांढरी वेष्टी गुडघ्याच्या वर खोचली आणि डाव्या चाकापाशी जाऊन हळूहळू, एक हात जमिनीला टेकत, ते आडवे झाले.

"अहो, नवी वेष्टी!" पाप्पात्ती ओरडली.

"मच्चान, तुमचे गुडघे," कदिर म्हणाला. त्याचा आवाज किंचित पातळ झाला होता.

गाडीखाली चंदनाचा थंड वास होता. चाकाला वळवणाऱ्या दांडीच्या टोकाला एक सांधा असतो, वाटीत बसवलेल्या गोळीसारखा, आणि त्याला गाडीशी धरून ठेवणारा एक खाचांचा नट. नट फिरू नये म्हणून त्याच्या खाचेतून पिन घालून तिचे पाय दुमडायचे असतात. सगळा सांधा ताज्या काळ्या रंगाने चकचकत होता. नटावर नंजप्पनने भक्तीने थापलेला चंदनाचा जाड गोळा, त्यावर कुंकू. मासिलामणींनी अंगठ्याने तो पुसला. खाली पिन नव्हती. सायकलच्या आऱ्याचा एक तुकडा वाकवून कोंबलेला होता. वाटीच्या काठावर सगळीकडे छन्नीचे घाव. झिजलेली गोळी हलू नये म्हणून वाटीचं तोंड ठोकून आवळलेलं, आणि मग वरून रंग. त्यांनी दांडी मुठीत धरून हलवली. ती हिरडी सुजलेल्या दातासारखी डुगडुगली.

ते तसेच पडून राहिले. या सांध्याच्या भरवशावर घाटाची वळणं उतरायची, आणि मागच्या सीटवर सातव्या महिन्याची पोर.

तीन आठवड्यांपूर्वी त्यांनीच दोन नवे सांधे आणवले होते. दोन्ही खोक्यांवर आपल्या हाताने नंजप्पनच्या गाडीचा नंबर लिहिला होता. संध्याकाळी स्टुलावरून विचारलं होतं, हलवून बघितलंस? बघितलं, मच्चान. आणि ते उठून हात धुवायला गेले होते. आपण वाकलो नाही, हे त्यांना आता आठवलं, आणि कदिरइतकीच स्वतःचीही घाण वाटली.

ते बाहेर आले तेव्हा पाठीला माती होती आणि अंगठ्याला चंदन.

"इकडे ये," ते कदिरला म्हणाले. "डाव्या बाजूला काय बसवलंस?"

"नवाच बसवलाय, मच्चान. उजवा बघा ना, नवाच आहे."

"मी डावा विचारला."

कदिर जवळ आला, हलक्या आवाजात बोलू लागला. "डावा निघतच नव्हता हो. नट निघाला, पण सांधा आत चिकटून बसलेला. दोन तास ठोकला. अंधार पडत होता, अण्णा घाई करत होते. मग म्हटलं, आत्ता घट्ट करून देऊ, पुढच्या खेपेला बघू. एवढे दिवस चाललीच ना गाडी? सगळ्यांसमोर कशाला..."

"आणि नवीन कुठे आहे?"

कदिरची नजर चुकून शेडच्या आत गेली, पाटाकडे. मासिलामणीही तिकडे वळले. हातोड्यांच्या मागे, देवीच्या तसबिरीला टेकवून, सुट्या भागांची चार-पाच खोकी रचली होती. गॅरेजातला मालही पूजेला ठेवायचा, ही कदिरचीच पद्धत. वरून दुसऱ्या खोक्यावर त्यांच्या स्वतःच्या अक्षरात नंजप्पनचा नंबर होता, आणि नंबराच्या बरोबर मध्ये कुंकवाचा टिळा.

"देवीला दाखवलंस," मासिलामणी म्हणाले. "चोरलेलं तिला दाखवून ठेवलंस."

नंजप्पनने ते ऐकलं. तो गाडीच्या बॉनेटला धरून उभा राहिला, जणू कुणी ती त्याच्याकडून ओढून घेणार होतं.

"चोरी कसली, मच्चान? विसरलो सांगायला. उद्या पूजा उतरली की पहिलं काम हेच. दहाला बसवून देतो."

"मला सहाला निघायचंय," नंजप्पन म्हणाला. "अकराच्या आत बांगड्या भरायच्यात. दुसरी गाडी आता कुठे मिळणार? दसऱ्याला गावातली एकूणएक बुक असते."

"मग आज उचल पाना," मासिलामणींनी कदिरला सांगितलं. "तू बिघडवलंस, तू कर."

कदिर दोन पावलं मागे सरला. "आज? आयुधपूजेला? नाही, मच्चान. माझ्या घरात लहान मुलं आहेत. असलं पाप मी नाही करणार. अक्का, सांग ना यांना. बोट गेलं तेव्हा काय झालं होतं, आठवतंय ना?"

मासिलामणी आपल्या मेव्हण्याकडे बघत राहिले. त्यांच्या आयुष्यात त्यांनी पुष्कळ घाण पाहिली होती, पण इतकी स्वच्छ धुतलेली, कपाळाला गंध लावलेली कधी पाहिली नव्हती.

"बरं," ते म्हणाले. "पाप नको. बायकोला आणि दोन्ही पोरांना बोलाव. मागे बसव. तू पुढे बस. नंजप्पन गाडी चालवेल. पहिल्या तीन वळणांपर्यंत वर जा आणि खाली ये. गाडी आहे तशी. तू म्हणतोस ना घट्ट केलीय? मग मी पान्याला हात लावत नाही. जा."

"असं कसं बोलता?"

"बोलाव ना. तीनच वळणं."

कदिरने बहिणीकडे पाहिलं, मग बाकड्याकडे, मग जमिनीकडे. त्याच्या मोठ्या मुलाला चुरमुरे हवे होते, तो बापाच्या शर्टाला ओढत होता. कदिरने त्याला उचलून कडेवर घेतलं, गाडीपासून लांबच्या बाजूला.

"नाही ना?" मासिलामणी म्हणाले. "तुझ्या पोरांना नाही. सेल्वीला चालेल."

ते शेडमध्ये शिरले. पाप्पात्ती पाटापुढे उभी होती, समईच्या आणि त्यांच्या मधोमध. तिची नजर त्यांच्या टोक तुटलेल्या तर्जनीवर होती. तिच्या ओठांची पुटपुट चाललेली, पण मंत्राची की शिव्यांची, ते कळत नव्हतं.

"बाजूला सर," ते म्हणाले.

"अहो, मला भीती वाटते."

"मलाही वाटते. पण गाडीखाली जे आहे त्याची जास्त."

बाहेर वळून तिने एकदा भावाकडे पाहिलं, मुलाला कडेवर घेऊन चिंचेच्या पलीकडे उभ्या राहिलेल्या. तिने समई उचलून बाजूला सरकवली. "वेष्टी पेटेल नाहीतर," एवढंच म्हणाली. आणि वाकून स्वतःच जॅक ओढला. विभूतीचे पट्टे तिच्या हाताला लागले. "हा मी देते. बघू देवी कुणाचं बोट तोडते."

जॅक लागला. चाक निघालं. दांडीवर सांधा आवळून धरणारा नट सैल करून मासिलामणींनी खडूने खूण केली. सायकलच्या आऱ्याचा तुकडा त्यांनी चिमट्याने उपसून जमिनीवर टाकला, मेलेला किडा टाकावा तसा, आणि खाचांचा नट काढला. चिकटून बसलेल्या सांध्याला त्यांनी कदिरसारखं समोरून ठोकलं नाही. एक जड हातोडा, सांधा ज्या कडीत रुतला होता तिच्या एका बाजूला टेकवून धरला आणि दुसऱ्या हातोड्याने बरोबर विरुद्ध बाजूला एक घाव घातला. मग दुसरा. तिसऱ्या घावाला कडी आवाज करून सैल झाली आणि सांधा निमूटपणे खाली आला.

"दोन तास!" ते गाडीखालून म्हणाले. "दोन तास ठोकत होता म्हणे. छी."

बाकड्यावर कुणीतरी खाकरलं. मोजायला कुणी धजलं नाही.

जुना सांधा दांडीवरून फिरवून काढताना त्यांनी आटे मोजले. साडेतेरा. नवा तितकेच फेरे फिरवून बसवला, नट आवळला, नवी पिन घालून तिचे पाय दुमडले. मग उजवं चाक उचलून तेही हलवलं. ते खरंच ठीक होतं. नंजप्पनने दोरी धरली. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी ताणून त्यांनी चाकं सरळ आहेत का ते पाहिलं, पाव फेरा इकडे, पाव तिकडे. ऊन झाडाखाली येईपर्यंत काम संपलं. ते बाहेर आले तेव्हा वेष्टी पोतेऱ्यासारखी झाली होती आणि उठायला त्यांना नंजप्पनचा खांदा धरावा लागला.

"घेऊन ये वर जाऊन."

"एकटा?"

"मी बसतो ना."

दोघं पहिल्या तीन वळणांपर्यंत जाऊन आले. मासिलामणी वाटेत स्टिअरिंगवरच्या नंजप्पनच्या बोटांकडे बघत राहिले. बोट हललं की चाक हलत होतं.

परत आल्यावर नंजप्पनने मान झुकवून हात जोडले, पाप्पात्तीला वेगळा नमस्कार केला, आणि कदिरकडे न बघता गाडी काढली. झेंडूचा हार टपावरून सरकून एका बाजूला लोंबत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला ती गाडी घाट उतरून गॅरेजवरून गेली. मागच्या खिडकीत दोन हात दिसले, कोपरापर्यंत हिरव्या-लाल काचेच्या बांगड्या भरलेले. पोर आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. गाडीचा वेग कमी झाला नाही.

कदिर गॅरेज सोडून गेला नाही. बहिणीचा भाऊ, त्याला कुठे घालवणार? पण त्या दिवसापासून गाडीखाली मासिलामणी स्वतः जाऊ लागले. पाप्पात्तीने त्यांना फाटक्या गादीतून कापून एक जाड घडी शिवून दिली, गुडघ्यांखाली घ्यायला. कदिर गिऱ्हाइकांशी बोलायचा, पावत्या लिहायचा, चहा मागवायचा. 'मच्चान' म्हणायचा, पण थोडं कमी. मेस्त्री त्याने पुढे केलेला चहा घेत नसत. कप बाकड्यावर ठेवून निवू देत आणि मग चिंचेच्या मुळाशी ओतत.

डिसेंबरात सेल्वीला मुलगा झाला. पेढ्यांऐवजी तिकडे साखर वाटतात. ती गॅरेजच्या अलीकडच्या पानाच्या टपरीपर्यंत आली, पुढे आली नाही. नंजप्पन आठवड्यातून दोन-तीनदा तरी घाट चढायचा. पाणी भरायला तो आता पुढच्या चौकीजवळच्या नळावर थांबे.

"गेला बघा," एकदा पाप्पात्ती डबा घेऊन आली असताना म्हणाली. "तुम्ही त्याच्यासाठी एवढं केलंत. एकदा थांबून पोराचं तोंड दाखवायचं तरी."

मासिलामणी गाडीखालीच होते. त्यांनी मान वळवून जाणाऱ्या चाकांकडे पाहिलं, ती वळणाआड जाईपर्यंत.

"मी त्याच्यासाठी काय केलं?" ते म्हणाले. "तीन आठवडे त्याला मरायला पाठवत होतो, एकविसाव्या दिवशी थांबवलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही थांबलो नसतो. सतराचा पाना दे."